किरणांचा हिशेब ठेवणारे होमी भाभा

राजूर असो की अकोले, झाडावरून पडून हात मोडला किंवा खोकला महिनाभर हटला नाही, की डॉक्टर आधी एक्स-रे काढून आणायला सांगतात. एक्स-रेच्या खोलीच्या दारावर तीन पाकळ्यांचे एक चिन्ह असते. आत यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाच्या छातीशी एक छोटा प्लास्टिकचा बिल्ला अडकवलेला असतो. असायला हवा, असे म्हणणे अधिक बरोबर. बहुतेक रुग्णांना ते ओळखपत्र वाटते.

ते ओळखपत्र नव्हे. त्या बिल्ल्यात एका खास क्षारापासून केलेल्या तीन चकत्या असतात. अंगावर जितका किरणोत्सर्ग पडेल, तितकी ऊर्जा त्या चकत्या धरून ठेवतात. दर तीन महिन्यांनी बिल्ला प्रयोगशाळेत जातो. तिथे चकत्या तापवल्या की त्यांतून अंधुक प्रकाश बाहेर पडतो आणि तो मोजून त्या माणसाने तीन महिन्यांत किती मात्रा घेतली हे कळते. किरणांच्या सान्निध्यात काम करणाऱ्यांसाठी आपल्याकडे वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे. तुमच्याआमच्यासारख्या सामान्य माणसासाठी, नैसर्गिक आणि वैद्यकीय मात्रा सोडून, ती एक मिलिसिव्हर्ट. छातीच्या एका एक्स-रेत मिळणारी मात्रा मिलिसिव्हर्टच्या दहाव्या भागापेक्षाही कमी असते. तेव्हा रुग्णाने घाबरायचे कारण नाही. रोज पन्नास एक्स-रे काढणाऱ्याने मात्र हिशेब ठेवायलाच हवा.

हा हिशेब देशभर ठेवण्याची व्यवस्था भारतात पन्नाशीच्या दशकात सुरू झाली. तेव्हा बिल्ल्यात चकत्यांऐवजी फोटोची फिल्म असे. देशात एकही अणुवीजकेंद्र नव्हते. त्या व्यवस्थेमागे उभ्या असलेल्या माणसाला आपण अणुभट्टी, अणुबॉम्ब आणि विमान अपघात एवढ्यावरच ओळखतो. डॉ. होमी भाभा यांच्या आयुष्यातली ही दुसरी बाजू जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सधन पारशी घरात झाला. वडील जहांगीर बॅरिस्टर. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. म्हणजे लहानपणी होमीचे येणेजाणे ज्या घरात होते, तिथे पोलाद, वीज आणि शिक्षणसंस्था यांच्या गप्पा जेवणाच्या टेबलावर होत. १९२७मध्ये होमी केंब्रिजला गेला तो अभियंता होऊन टाटांच्या कारखान्यात यावा या हेतूने. त्याने वडिलांच्या इच्छेप्रमाणे ती पदवी पहिल्या वर्गात मिळवली आणि मग स्वतःच्या इच्छेप्रमाणे भौतिकशास्त्राकडे वळला.

तो केंब्रिजमध्ये असतानाच, १९३१मध्ये, आत्या मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. पत्नीच्या स्मरणार्थ या रोगावरील संशोधनासाठी त्यांनी विश्वस्त निधी ठेवला होता. टाटांच्याच दानातून पुढे १९४१मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. आपल्या भागातल्या किती कुटुंबांनी त्या रुग्णालयाच्या बाहेरच्या फुटपाथवर रात्री काढल्या असतील, याची गणती नाही. हे रुग्णालय १९५७मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे गेले आणि १९६२मध्ये अणुऊर्जा खात्याकडे आले. खात्याचे सचिव होते भाभा. अणुभट्ट्या चालवणाऱ्या खात्याने रुग्णालय का चालवावे, असा प्रश्न पडणे साहजिक होते. भाभांच्या मते त्यात विसंगती नव्हती. कर्करोगावरच्या उपचारात किरणांचे महत्त्व वाढत जाणार होते. किरणांमुळे शरीराला काय होते हे समजून घेणारे डॉक्टरही अणुऊर्जेच्या कामाला लागणारच होते.

किरण ही तर भाभांची मूळ विद्या. अवकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणावर आदळले की एका कणापासून अनेक कणांचा वर्षाव कसा होतो, याचे गणित त्यांनी वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर १९३७मध्ये मांडले. १९३९मध्ये ते सुटीला म्हणून भारतात आले, दुसरे महायुद्ध पेटले आणि ते इथेच राहिले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्या छत्राखाली त्यांनी विश्वकिरणांची मोजणी सुरू केली. युद्धकाळात अमेरिकी हवाई दलाच्या विमानांतून उपकरणे उंचावर नेऊन त्यांनी नोंदी घेतल्या. जितके उंच जावे तितके हे किरण वाढतात. कळसूबाईच्या माथ्यावर उभ्या असलेल्या माणसाला खालच्या बारीतल्या माणसापेक्षा ते किंचित जास्त मिळतात. उलट आपल्या सह्याद्रीचा काळा बसाल्ट ग्रॅनाइटपेक्षा कमी किरणोत्सर्गी, तर केरळच्या किनाऱ्यावरची मोनाझाइटची वाळू कितीतरी पटींनी जास्त. जगाची नैसर्गिक सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट आहे. सांगायचे असे, की किरण शून्य असलेली जागा पृथ्वीवर नाही हे भाभांना प्रयोगातून ठाऊक होते. म्हणून त्यांचा भर भीतीवर नव्हता आणि बेफिकिरीवरही नव्हता, मोजण्यावर होता.

१९४५मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, १९४८मध्ये अणुऊर्जा आयोग, १९५४मध्ये तुर्भ्याचे अणुऊर्जा केंद्र आणि त्याच वर्षी स्वतंत्र अणुऊर्जा खाते, हा प्रवास अनेकदा लिहिला गेला आहे. तो इथे सोडून देऊ. १९५४ सालच्या आणखी एका घटनेकडे मात्र पाहायला हवे.

त्या वर्षी १ मार्चला अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. स्फोट अंदाजापेक्षा कितीतरी मोठा झाला. दूरवर मासेमारी करणाऱ्या एका जपानी बोटीवर पांढरी राख पडली. बोटीवरचे २३ खलाशी आजारी पडले आणि त्यांच्यातला रेडिओचालक सप्टेंबरमध्ये दगावला. पंतप्रधान नेहरूंनी एप्रिलमध्येच लोकसभेत अशा चाचण्या थांबवण्याची मागणी केली. मागणी करायची तर हातात माहिती हवी. म्हणून अणुस्फोटांचे माणसावर, पिकांवर, हवेवर काय परिणाम होतात याचा अभ्यास करण्याचे काम संरक्षण खात्याचे शास्त्रीय सल्लागार दौलतसिंह कोठारी यांच्याकडे दिले गेले. त्यांच्या मदतीला भाभा होते आणि टाटा मेमोरियलच्या प्रयोगशाळा घडवणारे डॉ. वसंत रामजी खानोलकरही. १९५६मध्ये सरकारने तो अभ्यास पुस्तकरूपात छापला. नवस्वतंत्र, गरीब देशाने अणुस्फोटांच्या परिणामांवर नागरिकांसाठी उघडपणे पुस्तक काढावे ही तेव्हा जगातही दुर्मीळ गोष्ट होती. हा उघडेपणा पुढे टिकला नाही.

त्याच १९५६ सालच्या ४ ऑगस्टला तुर्भ्याची अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधल्या विंडस्केल इथल्या अणुभट्टीला आग लागली. या आगीने साऱ्या जगाला एक धडा दिला आणि तो राजूरच्या वाचकाला चटकन समजेल, कारण तो दुधाचा आहे.

भट्टीतून हवेत गेलेल्या पदार्थांत आयोडीन-१३१ होते. ते वाऱ्याबरोबर आसपासच्या कुरणांवर उतरले. गवत गायींनी खाल्ले आणि ते दुधात आले. दूध लहान मुलांनी प्यायले तर ते आयोडीन गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीत साठते आणि पुढे तिथे कर्करोगाचा धोका वाढतो. इंग्लंडच्या सरकारने सुमारे ५०० चौरस किलोमीटरच्या टापूतले दूध काही आठवडे गोळा करून ओतून दिले. आयोडीन-१३१ची ताकद दर आठ दिवसांनी निम्मी होते, त्यामुळे तीन महिन्यांत ते जवळपास संपते. म्हणूनच अशा दुधाची भुकटी करून ठेवून दिली तर पुढे ती वापरता येते, असेही तज्ज्ञ सांगतात. (आपल्या राजूरच्या पेढ्याला मात्र ही युक्ती लागू नाही. तो तीन महिने टिकत नाही आणि टिकला तरी कुणी तोवर राहू देत नाही.) तेव्हापासून अणुअपघात झाला की पहिल्या काही तासांत हवा, आणि पाठोपाठ दूध, पालेभाजी, पाणी तपासायचे, हा क्रम जगभर रूढ झाला.

पण तपासून तुलना कशाशी करणार? अपघाताआधी त्या मातीत, त्या दुधात किती किरणोत्सर्ग होता हे माहीत नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ नाही. तुर्भ्यात आरोग्य भौतिकी विभाग वाढवणारे ए. के. गांगुली यांनी हे काम पद्धतशीर उभे केले. तारापूरचे वीजकेंद्र १९६९मध्ये सुरू झाले, पण तिथल्या पर्यावरणाची मोजणी करणारी प्रयोगशाळा त्याआधीच काम करू लागली होती. मासे, भाजी, दूध, समुद्राचे पाणी यांच्या नोंदी घेतल्या जात होत्या. ही रीत पुढच्या प्रत्येक अणुवीजकेंद्राला लागली.

फेब्रुवारी १९६०मध्ये भाभांनी तुर्भ्याच्या कर्मचाऱ्यांसाठी एक कार्यालयीन आदेश काढला. सरकारी परिपत्रके सहसा विस्मृतीत जातात. हे मात्र भारतातल्या किरणोत्सर्ग सुरक्षेचा पाया मानले जाते. आशय असा, की किरणोत्सर्गी पदार्थ हाताळताना आपल्या कामगारांना किंवा बाहेरच्या कुणालाही इजा होता कामा नये, हे तर झालेच; पण हे काम इतके नमुनेदार व्हावे की देशातल्या इतर संस्थांना ते उदाहरण म्हणून दाखवता यावे. आरोग्य विभागाचे नियम पाळणे सर्वांना बंधनकारक झाले. भाभा स्वतः सौंदर्याच्या बाबतीत कमालीचे काटेकोर होते. चित्रे काढत, पाश्चात्त्य संगीत ऐकत, इमारतीच्या आड येणारे झाड तोडण्याऐवजी मुळासकट दुसरीकडे लावून घेत. तीच नजर त्यांनी प्रयोगशाळेच्या शिस्तीला लावली असे म्हणायला हरकत नाही. १९६२मध्ये भट्ट्यांच्या सुरक्षेची छाननी करायला स्वतंत्र समितीही नेमली गेली.

आता दुसरी बाजू. समिती स्वतंत्र होती, पण कुणापासून? भट्टी बांधणारे, चालवणारे आणि तपासणारे एकाच खात्याचे होते आणि खात्याचा प्रमुख, आयोगाचा अध्यक्ष, तुर्भ्याच्या केंद्राचा संचालक एकच माणूस होता. सुरुवातीला याचा फायदाच झाला, निर्णय झटपट झाले. नेहरूंचा पूर्ण विश्वास होता, त्यामुळे मंत्रालयांच्या फेऱ्या मारायची वेळ भाभांवर आली नाही. पण ही सोय एका माणसाच्या सचोटीवर उभी होती, रचनेवर नव्हे. १९६२च्या अणुऊर्जा कायद्यात सुरक्षेचे नियम करण्याचा अधिकार सरकारला दिला गेला आणि लगेच पुढच्याच कलमात माहिती उघड करण्यावर निर्बंध घालण्याचाही. अंदाजाच्या बाबतीत भाभाही चुकत असत. १९५५च्या जिनिव्हा परिषदेचे अध्यक्ष म्हणून त्यांनी वीस वर्षांत संलयनाची ऊर्जा काबूत येईल असे भाकीत केले होते. आज सत्तर वर्षे झाली. भाकीत चुकले तर कुणाचे बिघडत नाही. संकटाच्या वेळी माहिती दाबली तर बिघडते.

तसे घडायला वेळ लागला नाही. ऑक्टोबर १९६५मध्ये भारत आणि अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणांनी मिळून चीनच्या चाचण्यांवर लक्ष ठेवण्यासाठी हिमालयात नंदादेवी शिखरावर एक यंत्र नेले. त्याला वीज पुरवणाऱ्या जनित्रात प्लुटोनियम होते. हवामान बिघडले. गिर्यारोहकांनी ते शिखराच्या खाली बांधून ठेवले आणि ते परतले. पुढच्या वसंतात जाऊन पाहतात तर ते जागेवर नव्हते, बहुधा हिमस्खलनात गेले. गंगेच्या उगमाकडच्या बर्फात किरणोत्सर्गी वस्तू हरवली आणि खाली राहणाऱ्या कुणालाही ते सांगितले गेले नाही. १९७८मध्ये परदेशातल्या बातमीनंतर पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी संसदेत ते मान्य केले आणि शास्त्रज्ञांची समिती नेमली. पाण्याच्या नमुन्यांत प्लुटोनियम आढळले नाही. यंत्र मात्र आजतागायत सापडलेले नाही.

ते हरवल्याचे उघड झाले तेव्हा भाभा हयात नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी ते आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी व्हिएन्नाला निघाले होते. एअर इंडियाचे कांचनजंगा हे विमान माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि विमानातले सर्व ११७ जण गेले. भाभा ५६ वर्षांचे होते. त्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधींचा पंतप्रधानपदाचा शपथविधी झाला. पुढच्या वर्षी तुर्भ्याच्या केंद्राला भाभांचे नाव दिले गेले.

त्यांनी मागे ठेवलेली कामाची शिस्त आणि त्यांनी न सोडवलेला प्रश्न, दोन्ही आपल्यापर्यंत पोहोचले आहेत. किरणोत्सर्ग संरक्षणाचे नियम १९७१मध्ये आले. अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन व्हायला नोव्हेंबर १९८३ उजाडले. चेर्नोबिलनंतर, १९८७मध्ये, अणुऊर्जा खात्यात आपत्ती व्यवस्थापन गट झाला. आज देशात ठिकठिकाणी भाभा केंद्राच्या देखरेखीखाली आपत्कालीन प्रतिसाद केंद्रे आहेत, शेकडो जागी हवेतला किरणोत्सर्ग सतत मोजणारी यंत्रे बसवली आहेत आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांना या कामाचे प्रशिक्षण दिले जाते. पुण्याजवळचे हेच दल २०१४मध्ये माळीणच्या चिखलात उतरले होते. तारापूरसारख्या केंद्राभोवती १६ किलोमीटरपर्यंतच्या गावांसाठी आधीच आराखडा केलेला असतो. घरात थांबा, खिडक्या लावा, सांगितल्यावरच आयोडीनची गोळी घ्या, दूध-भाजी तपासणीशिवाय वापरू नका, गरज पडली तर गाव सोडा, असा त्याचा क्रम. केंद्राच्या कुंपणाबाहेरची सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात आणि त्याच्या रंगीत तालमीही होतात.

राजूरपासून तारापूर आणि तुर्भे ही दोन्ही ठिकाणे सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे आपण त्या परिघाच्या खूप बाहेर. पण संकट भट्टीतूनच यावे लागते असे नाही. लासलगावला कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून कोबाल्ट-६०चे किरण वापरण्याचे केंद्र २००२पासून आहे. घाटघरसारख्या वीजप्रकल्पात मोठ्या पोलादी नळांचे सांधे तपासायचे तर किरणोत्सर्गी इरिडियमचा हाती उचलता येणारा कॅमेरा लागतो आणि तो गाडीतून गावोगाव फिरतो. हे सारे नियमात राहून चालते तोवर सुरक्षित असते. नियम सुटला की काय होते ते एप्रिल २०१०मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात दिसले. दिल्ली विद्यापीठात १९८५पासून पडून असलेले कोबाल्टचे एक जुने यंत्र लिलावात भंगारवाल्यांना विकले गेले. त्यांनी शिशाचे आवरण फोडले. चमकणारे तुकडे हातोहात फिरले, एकाने तर पाकिटात ठेवला. एक कामगार मरण पावला, इतर काहींना गंभीर इजा झाली. रुग्णालयातल्या डॉक्टरांना शंका आली नसती तर आकडा वाढला असता. पुढे तज्ज्ञांच्या तुकडीने तुकडे हुडकून काढले आणि हे काम त्यांनी चोख केले. चूक आधीची होती, आणि ती नोंदीतली होती. पंचवीस वर्षे कुणी त्या यंत्राचा हिशेबच विचारला नव्हता.

दोन वर्षांनी, २०१२मध्ये, देशाच्या महालेखापरीक्षकांनी नियामक मंडळाच्या कामाचा अहवाल दिला. मंडळाला पुरेशी कायदेशीर स्वायत्तता नाही, हा त्यातला मोठा आक्षेप. दुसरा आकडा अधिक घरचा आहे. देशातल्या ५७,४४३ एक्स-रे केंद्रांपैकी जेमतेम ५,२७० मंडळाकडे नोंदलेली होती. म्हणजे शंभरातली एक्क्याण्णव हिशेबाबाहेर. त्यानंतर नोंदणी संगणकावर आली आणि बरीच वाढली.

तेव्हा भंगारात तीन पाकळ्यांचे चिन्ह असलेली, आकाराच्या मानाने फार जड अशी एखादी पेटी आली तर ती उघडू नका, फोडू नका, खिशात काही घालू नका. माणसांना दूर करा आणि पोलीस ठाण्याला कळवा. तिथून निरोप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत प्रतिसाद केंद्राकडे जातो. एक्स-रेच्या यंत्राबाबत मात्र ही भीती नको. त्यात किरणोत्सर्गी पदार्थ नसतो, बटण बंद झाले की किरण संपले. पुढच्या वेळी एक्स-रेला गेलात तर केंद्राचा नोंदणी परवाना भिंतीवर आहे का ते पाहा, स्त्री गरोदर असेल तर आधी सांगा, आणि तंत्रज्ञाच्या छातीकडे एकदा नजर टाका. मी अशाच एका केंद्रात गेलो होतो, तेव्हा बिल्ला यंत्राशेजारच्या खुंटीवर ॲप्रनला लटकत होता. तंत्रज्ञ पडद्यामागे उभा होता. तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत त्या खुंटीची मात्रा मोजली गेली असणार.